सर्पदंश रोखण्याची सुरुवात अंगणातून

पावसाळा तोंडावर आला की घराभोवती कार्बोलिक आम्ल शिंपडणे, कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकणे, उंबरठ्याबाहेर गंधकाची रेघ ओढणे हे सोपस्कार सुरू होतात. अलीकडे त्यांत साप पळवणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रांची भर पडली आहे. या साऱ्यांतून मिळते ते समाधान, संरक्षण नव्हे.

कारण साधे भौतिकशास्त्राचे आहे. अल्ट्रासॉनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी. सापाला बाह्यकर्ण नसतो आणि त्याची श्रवणक्षमता साधारण १,००० हर्ट्झच्या आतच संपते. जो ध्वनी त्याला ऐकूच येत नाही, त्याला तो भिणार कसा? जमिनीत खुपसायच्या कंपनयंत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. साप जमिनीतील कंपने टिपतो हे खरे. परंतु कंपन जाणवणे आणि जागा सोडून जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डांबरगोळ्यांचा वास उघड्या अंगणात वाऱ्यासरशी विरतो, आणि प्रयोगांत नॅफ्थलीन व गंधक यांनी सापांना अडवल्याचे आढळलेले नाही. उलट लहान मुलाने डांबरगोळी गिळली तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात. कार्बोलिक आम्लाने कातडी भाजते.

साप अंगणात येतो तो दोन गोष्टींसाठी: भक्ष्य आणि आडोसा. सांडलेले धान्य, उघडे खरकटे आणि कोंबड्यांचे खाद्य उंदरांना बोलावते, आणि उंदीर सापाला. विटांचा ढीग, भिंतीला टेकवलेली लाकडे, गवताच्या गंजी, जोत्यातील भेगा आणि उंदरांची बिळे त्याला निवारा देतात. म्हणून परिणामकारक उपाय कंटाळवाणे आहेत. धान्य झाकणाच्या पिंपात ठेवावे, सरपण भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंचावर रचावे, बिळे व भेगा बुजवाव्यात, गवत आखूड राखावे, सांडपाण्याच्या नळाला जाळी बसवावी. दिसेल तो साप ठेचणे हा मात्र उपाय नव्हे. धामणीसारखा बिनविषारी साप उंदीर खातो. शिवाय सापाच्या जवळ जाणे हेच दंशाला निमंत्रण ठरते.

मात्र ‘अंगण स्वच्छ ठेवा’ हा उपदेश बंगल्यातून करणे सोपे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील होते आणि निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांसारख्या राज्यांत हा भार सर्वाधिक आहे. तिथल्या गरीब घरात धान्य, सरपण, जनावरे आणि माणसे एकाच छपराखाली राहतात. मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि तो दंश कित्येकदा जाणवतही नाही. अशा कुटुंबाला अंगण आणि घर यांत भेद करण्याची चैन परवडत नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. प्रतिविष वेळेवर मिळणे अत्यावश्यक आहे, यात वाद नाही. पण प्रतिविषाचे काम दंशानंतर सुरू होते. नेपाळच्या तराईतील संशोधनात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे दिसले. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, जमिनीपासून उंच खाट, हाती विजेरी, धान्यासाठी झाकणाचे पिंप: या वस्तू स्वस्त आहेत आणि त्या अत्यंत जोखमीच्या गावांत सरकारी खर्चाने पोहोचवता येतील. त्याच वेळी ‘साप पळवतो’ असा दावा करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडे पुरावा मागितला गेला पाहिजे.

खोट्या उपायाची खरी किंमत त्याच्या वेष्टनावर छापलेली नसते. डांबरगोळ्या टाकल्या म्हणून निर्धास्त होऊन जे कुटुंब जमिनीवर झोपते, ते ती किंमत मोजते.