या पावसाळ्यात भाजे लेण्यांना चला



आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर वर्षावासाच्या कार्यक्रमांची चर्चा चालली होती. कोणत्या रविवारी कोणाचे प्रवचन, ग्रंथवाचन कोण करणार, खिरीचा खर्च कोणत्या घराकडे, असे एकेक ठरत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, तीस वर्सं झाली, मी सोसायटीत धुणंभांडी करते. दर पावसाळ्यात तिथली मानसं लोनावळ्याला जात्यात आन् चिखलानं भरलेली कापडं घिऊन येत्यात. त्यो चिखल मी धुते. पर लोनावळा काय मी आजून बघितला न्हाई. आपली सहल कधी निघायची?"

सभेत कोणी हसले नाही. पिंपरीहून लोकलने तासाभराचा रस्ता, पण तीस वर्षांत तो मावशींच्या वाट्याला आला नाही. दीक्षाभूमीला त्या गेल्या आहेत, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभ्या राहिल्या आहेत, लग्नामयतीला गावोगाव गेल्या आहेत. पण नुसता आनंद घेण्यासाठी एक दिवस घराबाहेर, असे कधी घडलेच नाही. आमच्या किती घरांत ते घडले आहे, वाचकांनी आपल्याच घरी विचारून पाहावे.

मावशींना आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. कारण आमच्या मंडळाची सहल बंद पडली ती आमच्याच चुकीने. 2018 सालच्या पावसाळ्यात आम्ही मंडळाचे सचिव होतो. दोन टेम्पो ठरवले, माणसे कोंबली आणि निघालो. यादी नाही, मोजणी नाही. धबधब्याजवळ पोहोचताच बायकांनी चुली मांडल्या, म्हणजे घरचा स्वयंपाक त्यांनी डोंगरावर केला, एवढाच काय तो फरक. काही पुरुष मंडळी बाटल्या घेऊन झाडाआड गेली. आम्हाला ते दिसत होते, पण "आजच्या दिवस जाऊ दे" म्हणून आम्ही गप्प राहिलो. एका बारा वर्षांच्या मुलाची चप्पल ओढ्यात पडली आणि ती धरायला तो पाण्यात उतरला. पाणी चढत होते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी धावत येऊन त्याला दंडाला धरून ओढले. मग ते आम्हाला म्हणाले, "पानी लाल झालं तवाच उठाया पायजे हुतं. डोळं कुठं हुतं तुमचं?" त्या मुलाची आई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कोणी सहलीचे नाव काढले नाही. चप्पल गेली, मुलगा वाचला, पण बायकांचा आमच्यावरचा विश्वास वाहून गेला.

म्हणून यंदा सहल काढायची, पण हिशोबाने काढायची, असे आम्ही ठरवले आहे. आमचा जन्म खतावण्या लिहिण्यात चालला आहे. जमाखर्च जुळवतात तशी सहलही जुळवता येते. आमचा आराखडा इथे देतो, कोणत्याही वस्तीच्या मंडळाने तो उचलावा.

पहिला प्रश्न, कुठे जायचे? आम्ही भाजे लेणी निवडली. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरायचे. लोणावळ्याच्या अलीकडचे हे स्टेशन. मुंबईकडच्या मंडळींनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी, पहिलेच स्टेशन मळवली. स्टेशनावरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून चालत भाजे गाव गाठता येते. टेम्पोचा खर्च नाही, घाटात गाडी चालवण्याचा धोका नाही. पावसाळ्यात विसापूर किल्ल्याच्या डोंगरावरून धबधबे कोसळत असतात आणि पायऱ्या चढून गेले की समोर आपली लेणी! एकाच चढणीत धबधबाही आणि धम्माचा वारसाही.

ही लेणी आणि पाऊस यांचे नाते जुने आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे अंकुर आणि बारीक जीवजंतू चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून तथागतांनी भिक्खूसंघाला पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. तोच वर्षावास आपण आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत पाळतो. सह्याद्रीत तीन महिने राहायचे तर डोक्यावर पक्के छप्पर हवे. शिवाय कोकणातल्या बंदरांकडून घाटावर जाणारा व्यापारी रस्ता याच भागातून जात होता, त्यामुळे दान देणारेही होते. अशा ठिकाणी कातळ कोरून संघासाठी निवारा झाला. ज्या पावसाला आज लोक मौजेसाठी जातात, त्याच पावसात इथे भिक्खू ध्यानाला बसत होते.

भाज्याला 22 लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली मानतात. 12 क्रमांकाच्या चैत्यगृहात उभे राहून छताकडे पाहावे. कमानीसारख्या लाकडी फासळ्या दिसतील. खांब किंचित आत कललेले आहेत, जुन्या लाकडी घरांसारखे. लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांची विद्याच दगडात उतरली आहे. समोर स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही, कारण त्या काळी इथे मूर्ती घडवण्याची प्रथा सुरू झालेली नव्हती. मुले "मूर्ती कुठे आहे?" असे विचारतील, तेव्हा हे समजावून सांगावे. पुढे 14 स्तूपांचा समूह आहे. इथेच राहून निर्वाण पावलेल्या थेरांचे ते स्तूप. काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावे ब्राह्मी लिपीत आहेत. एका विहारात नाचणारी एक स्त्री आणि तबल्यासारखे वाद्य वाजवणारी दुसरी, असे शिल्प आहे. आमच्या वस्तीतल्या गाणाऱ्या मुलींना ते जरूर दाखवावे.

पाण्याच्या टाक्याजवळ विण्हुदत नावाच्या महारथीच्या दानाचा लेख आहे. समोर दरीपलीकडच्या कार्ले लेण्यात तर सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे आणि एका भिक्खुणीच्या दानाचाही लेख आहे. सुताराचे नाव दोन हजार वर्षे दगडात टिकले! आमची मुले कारखान्यात यंत्रांवर काम करतात, बाया घरकाम करतात. त्यांनी हे नाव ऐकावे. हा वारसा केवळ राजांचा नाही, तो कष्टकऱ्यांचाही आहे. मात्र भाजे आणि कार्ले दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. म्हातारी माणसे आणि लेकरे बरोबर असली की एकच ठिकाण पुरे.

दुसरा प्रश्न, कधी जायचे? जुलैच्या धो धो पावसात जाऊ नये. भाद्रपदात पाऊस ओसरू लागतो, डोंगर हिरवा असतो, धबधबे वाहत असतात आणि वर्षावासही चालू असतो. रविवारची गर्दी शक्यतो टाळावी. आमच्या भागात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, म्हणून आम्ही गुरुवारी येणारी शाळेची सुट्टी पाहतो आहोत. आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहावा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सहल पुढे ढकलावी, कोणी कितीही चिडले तरी. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढते, त्याचीही चौकशी करावी. दुपारी लोकल फार कमी असतात, म्हणून जाण्यायेण्याच्या गाड्या वेळापत्रक पाहून ठरवाव्यात.

तिसरी गोष्ट पैशाची. आम्ही दर घरामागे आठवड्याला वीस रुपये जमा करणार आहोत. लोकलचे भाडे जेमतेम वडापावइतके. लेण्यांचे तिकीट पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. मोठा खर्च असा काही नाहीच. एखाद्या घराला वीस रुपयेही जड जातात, हे आम्ही जाणतो. अशा घराचे नाव खजिनदाराच्या वहीतच राहावे, सभेत वाचू नये. परत आल्यावर पैन् पैचा हिशोब मात्र विहारात वाचून दाखवावा.

चौथी गोष्ट बायकांची. डोंगरावर चूल पेटणार नाही. प्रत्येक घराने चपाती-भाजी, भाकरी-ठेचा, उकडलेली अंडी घरून आणावीत आणि त्या दिवशीचा डबा भरायला घरातल्या पुरुषांनी पहाटे उठावे. चहा आणि भाजलेली कणसे गावातल्या लोकांकडून विकत घ्यावीत, त्यांनाही दोन पैसे मिळतील. आणखी एक बोलायला अवघड पण गरजेचे. सोय नसते म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. पुढे जाऊन शौचालयाची सोय पाहून ठेवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गुडघे दुखणाऱ्या आणि दम लागणाऱ्या मंडळींना पायथ्याशी बसवावे, पण सोबतीला कोणीतरी थांबावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, पाणी. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लेकरे होती. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे. ही माणसे आपल्यासारखीच, आठवड्याचा एक दिवस हसायला निघालेली. त्यांना नावे ठेवू नयेत, त्यांच्याकडून शिकावे.

आपण उभे आहोत तिथे ऊन असले तरी वर डोंगरावर पाऊस पडत असू शकतो. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला की क्षणाचाही विचार न करता वर सरकावे. ओढ्याच्या मधल्या खडकावर कधीही जाऊ नये, दोन्ही बाजूंनी पाणी वाढले की वाट उरत नाही. धबधब्याच्या थेट खाली उभे राहू नये, वरून दगड येतात. शेवाळावर रबरी चपला घसरतात, म्हणून पट्ट्याची किंवा कॅनव्हासची पादत्राणे घालावीत. आणि चप्पल वाहून गेली तर जाऊ द्यावी! आमच्या आराखड्यात "हरवलेल्या चपला" या नावाने दोनशे रुपये वेगळे ठेवले आहेत.

आठ-आठ जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाला एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन प्रमुख. मोजणी चार वेळा: गाडीत चढताना, उतरल्यावर, पायऱ्या चढण्याआधी आणि परतताना. प्रत्येक लेकराच्या खिशात नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. गटप्रमुखाच्या गळ्यात शिट्टी असावी.

दारूबद्दल जास्त लिहीत नाही. पंचशीलातले पाचवे शील घरी ठेवून लेण्यांना जाता येत नाही. ज्याला ते जमत नसेल त्याने त्या दिवशी घरी राहावे. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.

लेण्यांत चढल्यावर आधी स्तूपासमोर शांतपणे त्रिशरण-पंचशील घ्यावे, मग फिरावे. भिंतीवर नाव कोरू नये, "जय भीम" सुद्धा नाही. प्रेमाने कोरले तरी तो घाव आपल्याच पूर्वजांच्या घराला बसतो. निघताना आपला आणि दुसऱ्यांचाही कचरा पिशवीत भरून खाली आणावा. परतीला वेळ उरला तर देहूरोडला उतरावे. परमपूज्य बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या मूर्तीपुढे वंदना करून दिवस संपवावा.

सभेच्या शेवटी आम्ही कोरी वही उघडली. त्या 2018 सालच्या मुलाची आई तिथेच बसली होती. तिने विचारले, "मोजणी कोन करनार?" आम्ही म्हणालो, "ताई, तुम्हीच करा." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग मान हलवून हो म्हणाली. मावशींनी पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले आणि पहिले नाव त्यांचे लागले.

आपल्या वस्तीतही अशा मावशी असतील. त्यांना उठून विचारावे लागण्याआधीच वही उघडा.

जय भीम!