डब्यातलं फळ

ऑफिसात दर सोमवारी कुणीतरी 'ओन्ली फ्रूट्स'वर असतं. मी बिनधास्त पोळी खाते. बॉटनी माझ्या बाजूने आहे! गव्हाचा दाणा म्हणजे नुसतं बी नव्हे, अख्खं फळ. आंबा सोलता येतो. इथे फळाची साल आणि आतल्या बियाचं टरफल एकजीव झालेलं. कोंडा म्हणतो तो मुख्यतः हाच, दाण्याच्या साधारण १४ टक्के. आत ८३ टक्के पिठूळ भाग, आणि बुडाशी जेमतेम ३ टक्के अंकुर. त्यात तेल, म्हणून कणीक लवकर खवट होते. मैदा टिकतो, कारण त्यात पिठूळ भागच उरतो. आणि तुमचा ब्राऊन ब्रेड? पाकिटामागे पहिलं नाव कणकेचं की मैद्याचं, ते बघा. रंग काय, कॅरमलनेही येतो!