होडी लावताना हात थरथरतात? थरथरू द्या

बीडच्या पोरापोरींना होडी काठाला लावायचं टेन्शन येतं, असं कुणी म्हटलं तर आधी हसूच येईल. होडी आहे कुठं इथं? आपलं पाणी म्हणजे टँकर, बोअर आणि आठवड्यात कधीतरी येणारा नळ. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ते धरण कुठं आहे? आपल्याच केज तालुक्यात, धनेगावला. अशा जिल्ह्यातल्या पुरवणीत होडीवर लेख म्हणजे वाळवंटात छत्री विकण्यातला प्रकार.

पण थांबा जरा. सिंदफणेवरचं माजलगाव धरण भरलं की पलीकडचा काठ दिसता दिसत नाही आणि त्या पाण्यावर मासेमारी करून घरं चालतात. गोदावरी गेवराई-माजलगावच्या कडेकडेनं वाहते. आणि सप्टेंबर २०२५ आठवा. ज्या जिल्ह्याचं नाव दुष्काळाशिवाय कुणी घेत नाही, त्याच जिल्ह्यात माणसांना घरातून बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या. तेव्हा हा विषय आपला नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

ज्यांनी एकदा तरी होडी हाताळली असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. भीती मध्यभागी वाटत नाही. खोल पाण्यात, वाऱ्यावर, इंजिनाच्या आवाजात माणूस मजेत असतो, सेल्फी काढत असतो. पोटात गोळा येतो तो शेवटच्या दहा मीटरला. काठ जवळ येतो, होडी ऐकेनाशी होते, काठावरचे लोक मोठ्यानं सल्ले द्यायला लागतात. ‘डावीकडं घे!’ ‘अरे हळू!’ ‘दोर फेक, दोर!’ सहा जण सहा दिशा सांगतात. त्यातल्या पाच जणांनी जन्मात कधी वल्हं धरलेलं नसतं.

हे बघ्यांचं प्रकरण साधं नाही. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली एक मुद्दा मांडला. अंगवळणी पडलेलं काम माणसं बघत असताना जास्त चांगलं होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. पुढं १९६९ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केला. सरळ वाटेनं पळायचं असेल तर बाकीची झुरळं बघत असताना झुरळ जोरात पळालं. वाट वळणाची असेल तर त्याला जास्त वेळ लागला. म्हणजे काठावर गर्दी असताना तुमचे हात थरथरत असतील तर तुम्ही भित्रे आहात असं नाही. ते काम अजून तुमच्या अंगात मुरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ओरलला प्राध्यापकांसमोर ततपप होतं त्यातलाच हा प्रकार.

म्हणून मला त्या ‘डर के आगे जीत है’वाल्या रील्सचा राग येतो. भीतीवर मात करा, डोळे मिटून उडी घ्या, बिनधास्त व्हा! अहो, दोन-चारशे किलोची वस्तू ब्रेकशिवाय दगडाकडे चालली असेल तर माणसानं घाबरायलाच पाहिजे. जो घाबरत नाही त्याच्या होडीत मी बसणार नाही. भीती काढून टाकायची भानगडच नको. तिला काम द्या.

काम कोणतं? तर आधी होडी म्हणजे काय हे समजून घेणं. आपलं सगळं अंग बाइकवर तयार झालंय आणि होडी बाइकसारखी वागत नाही. पहिली गोष्ट, तिला ब्रेक नाही. इंजिन बंद केलं तरी ती पुढं सरकत राहते आणि वारा किंवा पाण्याची ओढ तिला बाजूला नेत राहते. दुसरी गोष्ट, बाइकचं पुढचं चाक वळलं की मागचं मुकाट मागे येतं. होडीचं नाक उजवीकडं वळवलं की तिची शेपटी डावीकडं फेकली जाते. नाकाकडं बघत बसलेल्या नवख्याची मागची बाजू धाडकन आपटते ती यामुळंच. त्यात छोट्या इंजिनाचा दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाते. डोकं भंजाळतं ना? पण हे कोडं तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आधीच सोडवलंय. कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाची ट्रॉली रिव्हर्स घेणारा भाऊ किंवा काका आठवा. ट्रॉली डावीकडं न्यायची तर तो स्टेअरिंग आधी उजवीकडं फिरवतो. त्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. शंभर वेळा करून ते त्याच्या मनगटात उतरलंय.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. घाबरलेला माणूस एकदम गॅस सोडतो. जमिनीवर हे बरोबर असतं. पाण्यात इंजिनाचा जोर गेला की दिशा देण्याची ताकदही जाते, कारण होडी वळते ती मागं ढकललेल्या पाण्याच्या जोरावर. सुकाणू असेल तरी त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच ते चालतं. म्हणजे जोरात गेलात तर आपटाल आणि पार थांबलात तर वाऱ्याच्या ताब्यात जाल. उपाय मधला आहे : जितक्या वेगानं काठाला धडकलं तरी चालेल, त्याहून जास्त वेगानं काठाकडं जायचंच नाही आणि मधूनमधून इंजिनाला चिमूटभर जोर देऊन सोडायचा. चिमूटभर, बादलीभर नाही.

आणि दिशा? वारा किंवा ओढ, जे जास्त जोरात असेल त्याच्या तोंडावर जायचं. चढावर सायकल आपोआप हळू होते, तसं पाणीच तुम्हाला ब्रेक लावून देतं. ओढीबरोबर वाहत काठाला लागायचा प्रयत्न म्हणजे घाटाच्या उतारावर बिनब्रेकची गाडी लावण्यासारखं. वारा काठाकडं ढकलत असेल तर अलीकडंच काठाला समांतर थांबा, वारा तुम्हाला नेऊन सोडेल. काठावरून तुमच्याकडं येत असेल तर नाक जरा तिरकं धरून आत घुसावं लागतं आणि पहिला दोर पटकन अडकवावा लागतो.

दोराचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ओढाळ बैल कुणी नुसत्या हातानं धरत नाही, दाव्याचा एक वेढा खुंट्याला घालतो आणि मग एका हातानंही तो आवरतो. होडीचंही तसंच. खांबाला एक वेढा पडला की काम लाकूड करतं, तुमचे दंड नाही. फक्त दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. होडी आणि काठाच्या मध्ये हात किंवा पाय घालून तिला थोपवायचं नाही, बोटं चिरडतात. आणि उडी मारायची नाही. पाऊल टाकता येईल एवढी होडी जवळ आली तरच उतरायचं, नाही तर फेरी मारून पुन्हा यायचं.

हे ‘पुन्हा यायचं’ आपल्या पोरांना जमत नाही. इज्जतीचा प्रश्न होतो. विमानाचा पायलट धावपट्टीवर मनासारखं बसत नसेल तर तीनशे प्रवासी घेऊन परत वर जातो, त्याला कुणी कच्चा म्हणत नाही. आपण मात्र काठावर हसतील म्हणून वाकडी आलेली होडी तशीच रेटतो. हसू द्या की. फेरी मारायला लागलेले दोन मिनिटं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, फुटलेली होडी गावभर होते.

इथं एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे आपल्यासारख्याच कोरड्या भागातला. विहिरी खणायच्या कामावर जाणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथं रोइंग शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण घेऊन आला. शर्यती सगळ्यांनी पाहिल्या. पण रोइंगची एक गंमत लक्षात घ्या : वल्हवणारा पाठमोरा बसतो. ज्या धक्क्याला लागायचं तो त्याच्या पाठीमागे असतो. खांद्यावरून एक नजर टाकायची, वेग मारायचा, तिरकं यायचं, धक्क्याकडचं वल्हं उचलून त्यावर सरकवायचं आणि अंग दुसरीकडं झुकवायचं. रोज सराव संपला की हे करायचंच, कारण घरी जायला दुसरी वाट नाही. हे जन्मजात कुणाला येत नाही.

आता आपल्या धरणांकडं या. धक्का वगैरे शब्द इथं जरा मोठेच आहेत. इथं असतं ते भरावाचं दगडी पिचिंग, नाही तर गुडघाभर चिखल. त्यात पाण्याखाली बुडालेली बाभूळ. शिवाय काठ जागेवर राहत नाही. दिवाळीला जिथं होडी लागते तिथं उन्हाळ्यात जनावरं चरतात आणि पाणी कुठल्या कुठं आत गेलेलं असतं. समुद्रावरच्या माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक तरी असतं. धरणावरच्या माणसाला दर महिन्याला काठ नव्यानं शोधावा लागतो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे आपले मच्छीमार हे रोज करतात. त्यांना कुणी एक्स्पर्ट म्हणत नाही, ही आपली अक्कल.

हा सगळा खटाटोप हौसेपुरता असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली, डझनाहून जास्त माणसं गेली. तिच्यात झेपत नव्हती इतकी माणसं होती. २१ मे २०२४ ला उजनीत, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यानं उलटली, सहा जण बुडाले. आणि आपल्या माजलगाव धरणात २०२२ मध्ये बुडालेल्या माणसाला शोधायला कोल्हापूरहून आलेल्या पथकातल्या जवानाचाच जीव गेला. तेव्हाही पथक बाहेरूनच बोलवावं लागलं होतं.

पुरात होडी लावणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. धक्का नाही, एक घर आहे. पाण्याला ओढ आहे, ओट्यावर आजी, लेकरं आणि दोन शेळ्या आहेत. होडी टेकते न टेकते तोच सगळे एकाच बाजूनं चढायला बघतात. त्या क्षणी ज्याला ओढीच्या तोंडावर होडी स्थिर धरता येते, ‘एकेक जण, खाली बसा, मधोमध बसा’ असं ठाम आवाजात सांगता येतं आणि भरली की ‘आता बस, परत येतो’ म्हणता येतं, तो माणूस हवा असतो. ते धाडस त्या दिवशी आकाशातून पडत नाही.

माझं म्हणणं असं, की हे आपल्या कॉलेजांनी शिकवावं. एनसीसीला नौदल विभाग आहे, त्यात शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्या शिकवतात. म्हणजे विद्यार्थ्यांना हे जमत नाही ही सबब नाही. स्वयंसेवकांना आपत्तीत काम करायला तयार करणारी ‘आपदा मित्र’ ही केंद्राची योजनाही आहे. आपली एनएसएसची शिबिरं मात्र वर्षानुवर्षं रस्ता झाडण्यावर आणि वृक्षारोपणाच्या फोटोवर निघतात. त्या सात दिवसांतले दोन दिवस धरणकाठी द्या. शिकवायला कोकणातून कुणी आणू नका, काठावरचे मच्छीमार आहेत. त्यांना मानधन द्या, फेटा बांधून सत्कार नको. आणि सहलीला नेतात तसं नेऊ नका, जिथं बोटवालाच चालवतो, तोच लावतो आणि पोरं फक्त लाइफ जॅकेट घालून फोटो काढतात. दांडा पोरांच्या हातात द्या. पोरींच्याही. पूर आला की घरात पोरीच असतात, हे विसरू नका.

तोवर कुणाची ओळख असेल, होडी असेल, काठावर जाणता माणूस असेल आणि अंगावर लाइफ जॅकेट असेल, तर एक सराव आजही करता येतो. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, झाकण घट्ट लावा, दोरीला दगड बांधून उघड्या पाण्यात सोडा. काठ नाही, दगड नाही, सल्ले देणारे सहा जण नाहीत. आता त्या कॅनपाशी होडी अशी आणा, की तो हातानं उचलता येईल आणि होडी थांबलेली असेल. वाऱ्याच्या तोंडावर दहा वेळा, वाऱ्याबरोबर दहा वेळा, आडवं दहा वेळा. पहिल्या दिवशी कॅन होडीखाली जाईल नाही तर चार हात लांब राहील. दोरी जरा लांब ठेवा आणि ती पंख्यात अडकू नये म्हणून कॅनजवळ आलात की इंजिन न्यूट्रलला घ्या. सकाळी लवकर जा, दुपारनंतर वारा उठतो.