गेटवरचा बोर्ड आणि मागचा ओढा

मंडळी, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एका काकूंनी मला गाठलं. "अरे, आमच्या घराजवळच्या फॅक्टरीने 'आय.एस.ओ. १४००१' असा मोठा बोर्ड लावलाय. म्हणजे मागच्या ओढ्यात नातवंडांना खेळायला सोडायला हरकत नाही ना?" हातात मसालेभाताची प्लेट होती, म्हणून तेव्हा "सांगतो, काकू" म्हणून सुटलो. हे त्याचं उत्तर.

हे मानक पहिल्यांदा १९९६ साली आलं. २००४ आणि २०१५ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. ते कारखान्याला सांगतं काय? तर, आपल्यामुळे हवा, पाणी, जमीन यांना काय अपाय होऊ शकतो त्याची यादी करा, कायदे पाळा, उद्दिष्टं ठरवा, मोजा, चुकलं तर दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. बाहेरचा ऑडिटर येऊन हे तपासतो. पण पाइपमधून किती घाण बाहेर पडलेली चालेल, तो आकडा त्यात नसतो. तो सरकारी परवान्यात असतो. थोडक्यात, घरखर्चाची वही नीट लिहिली जाते एवढं प्रमाणपत्र सांगतं. महिनाअखेर शिल्लक किती, ते नाही.

वहीचा उपयोग नाही असं मात्र समजू नका. आमच्याकडे पहिलं ऑडिट झालं तेव्हा सगळ्या फायली चोख होत्या. ऑडिटरबाई वापरलेल्या सॉल्व्हंटच्या पिंपांपाशी थांबल्या आणि शेजारच्या गटाराच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यातलं पाणी कुठे जातं?" आम्ही चार इंजिनियर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जुना नकाशा काढला, तर जाळी थेट ओढ्यात! त्याच आठवड्यात पिंपं हलवली. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

पण जे यादीतच नाही, त्याचं काय? थ्री-एम कंपनीने १९७५ सालीच 'प्रदूषण टाळणं फायद्याचं' अशा अर्थाच्या नावाची योजना सुरू केली. घाण शेवटी साफ करण्यापेक्षा मुळातच कमी करायची, हे तिचं सूत्र. तिचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण निसर्गात जवळजवळ न विघटणारं पीएफओएस नावाचं रसायन बंद करत असल्याचं याच कंपनीने २००० साली जाहीर केलं, आणि त्या जातीच्या रसायनांनी पाणी दूषित केल्याबद्दल मिनेसोटा राज्याने लावलेला दावा २०१८ साली ८५ कोटी डॉलर देऊन मिटवला.

म्हणून काकू, बोर्डापेक्षा आकडे बघा. इथल्या १९८६ च्या कायद्यानुसार ठरावीक उद्योगांतल्या मोठ्या कारखान्यांना कोणतं विषारी रसायन किती पौंड हवेत, पाण्यात सोडलं ते दरवर्षी कळवावं लागतं. ई.पी.ए.कडची ही माहिती झिप कोड टाकून कुणालाही फुकट बघता येते. तिलाही मर्यादा आहेतच. पीएफओएसच्या जातीची रसायनं त्या यादीत २०२० साली आली.

हा कायदा झाला तो १९८४ च्या भोपाळनंतर. आपल्या हजारो माणसांच्या मरणातून इथल्या शेजाऱ्यांना विचारण्याचा हक्क मिळाला. तो आपणच वापरला नाही तर कसं व्हायचं?

तेव्हा आधी आकडे बघा, काउंटीच्या आरोग्य खात्याला ओढ्याच्या पाण्याबद्दल विचारा. तोवर नातवंडांना अंगणातच खेळू द्या.