झिंगाटचे गोत्र

लग्नकार्यात काय चालते आणि काय चालत नाही, याचे आपले संकेत ठरलेले असतात. शुभप्रसंगी अशुभाचे नाव काढायचे नाही. पंगतीत कुणी अपघाताची हकीकत सांगू लागला, तर समोरची आजी त्याला डोळ्यांनीच दटावते. असे असूनही गेली कित्येक वर्षे आपण वरातीवरातीतून एक असे गाणे हौसेने वाजवीत आहोत, की ज्याच्या कथेतील नवराबायकोचा शेवटी खून होतो. ते गाणे म्हणजे 'झिंगाट'. ते शुभ की अशुभ, असा प्रश्न अजून एकाही आजीने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, आणि चित्रपटातला मुलूखही बराचसा तोच. संगीत अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे. हे दोघे आपल्या पुणे जिल्ह्यात वाढलेले. 'झिंगाट'चे शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि गळेही त्यांचेच. चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांनी थेट लॉस एंजल्सला जाऊन तिथल्या वादकांकडून ध्वनिमुद्रण करून घेतले. पण गाणे सुरू झाले की प्रेक्षकांना सातासमुद्रापलीकडचे व्हायोलिन आठवत नसे. ते खुर्च्या सोडून पडद्यापुढे जाऊन नाचत असत. शंभर कोटींचा पल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून 'सैराट'ची नोंद झाली. २०१८ साली तो 'धडक' या नावाने हिंदीत गेला. गाव बदलले, नायक-नायिका बदलल्या, शब्द बदलले. 'झिंगाट' हे नाव मात्र बदलण्याचे धाडस कुणी केले नाही.

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला या शब्दाचे कौतुक वाटणारच. झिंग जुनी, झिंगणेही जुने. त्याला 'आट' लागला आणि शब्द घमघमाट, लखलखाट, सुळसुळाट यांच्या पंगतीला जाऊन बसला. आमच्या स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या वेळी "ही काय भाषा झाली?" म्हणून नाक मुरडले होते. पुढे त्यांच्याच नातीच्या बारशाला त्यांनी टाळ्यांचा ठेका धरलेला मी पाहिला. त्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीत तर टिळक रस्त्याला दुसरे गाणेच ठाऊक नसावे असे वाटत होते. एखाद्या गाण्याला लोकांनी इतके आपले म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे.

पण हे गाणे कथेत येते कुठे, ते आठवून पाहा. पाटलांच्या घरी मुलाचा, प्रिन्सचा, वाढदिवस आहे. अंगणात गावातली पोरे नाचताहेत आणि त्यांतच कोळ्याचा पोरगा परश्या आहे. वर गॅलरीत पाटलांची आर्ची नाचते आहे. त्याच रात्री दोघे पकडले जातात. मग पळापळ, मारहाण, हैदराबादची झोपडपट्टी, लग्न, संसार, एक मूल. ज्याच्या वाढदिवसाला 'झिंगाट' वाजले, तोच भाऊ शेवटी आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात उभा राहतो. पुढे पडद्यावर आवाज उरत नाही. रक्तात भरलेली लहानग्या पोराची पावले तेवढी फरशीवर उमटत जातात.

नाचताना हे कुणाला आठवत नाही. गाण्यांचे असे सर्वत्रच होते. माझा पुतण्या गिटार शिकतो. पहिल्याच महिन्यात तो एक चार-सहा सुरांची तान दिवसभर घरात घुमवू लागला. 'डीप पर्पल' या इंग्रज रॉक बँडचे ते 'स्मोक ऑन द वॉटर'. जगातला बहुतेक प्रत्येक नवशिका गिटारवाला आधी तेच वाजवतो म्हणे. मी त्याला विचारले, "पाण्यावर धूर कसला रे?" त्याला पत्ता नव्हता. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावी, फ्रँक झापाचा जलसा चालू असताना प्रेक्षकांतल्या एकाने आतिषबाजीचे पिस्तूल उडवले आणि सरोवराकाठचे जुगारघर जळून गेले. तिथेच ध्वनिमुद्रण करायला आलेल्या या मंडळींनी सरोवरावर पसरलेला धूर पाहिला आणि त्यावर गाणे केले. सुदैवाने त्या आगीत माणसे वाचली. आज सूर उरले आहेत; आग कुणाच्या लक्षात नाही.

आपल्याकडे मात्र याच्या उलटही घडले आहे. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती कथा. तिची पदे घरोघरी गेली, पण ती गुणगुणणाऱ्या बायकांना शारदेचा विसर पडणे शक्य नव्हते. दुःख पदांतच गुंफलेले होते. १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला, तर मराठी माणसाने त्याला बेलाशक 'शारदा कायदा' म्हणून टाकले! 'झिंगाट'च्या शब्दांत प्रेमाची धुंदी तेवढी आहे. कथा त्याच्या मागे राहते आणि ती आपण आठवली तरच आठवते.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका स्नेह्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात झाले. स्थळ जातीच्या वधूवर मंडळातून आलेले. पोटजात जुळलेली, पत्रिका जुळलेली, सगळे यथासांग. संध्याकाळी स्वागतसमारंभात 'झिंगाट' लागले आणि नानांनी चक्क उपरण्याचे टोक दातांत धरून फेर धरला. दमून शेजारी येऊन बसल्यावर मी विचारले, "नाना, सिनेमा पाहिलात का हो?"

"पाहिला की, प्राध्यापक! मध्यंतरापर्यंत फार छान आहे."

नाना भला माणूस आहे. कुणाच्या अंगावर बोट टाकणार नाही. आपणही सारे तसेच. आपल्या घरात कोयते निघत नाहीत. फक्त बोलणे बंद होते, मुलीचा फोटो भिंतीवरून उतरतो आणि दिवाळीला तिच्या नावाचा फराळाचा डबा भरला जात नाही. आपल्याला गाणे हवे असते, नाचही हवा असतो. चित्रपट मात्र मध्यंतरापर्यंतच पुरे.

नानांची धाकटी मुलगी माझी विद्यार्थिनी. त्या रात्री तीही बहिणीबरोबर नाचत होती. पुढे जूनमध्ये ती एकदा कॉलेजात भेटायला आली आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून म्हणाली, "सर, मी ठरवलंय. मुलगा आपल्यातला नाही. आईला सांगितलंय. बाबांशी तुम्ही बोलाल?"

मी होकार दिला. मग गणपती गेले, दसरा गेला. दोनदा नानांच्या दारापर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा झाला, राजकारण झाले आणि विषय राहिला. परवा तिला म्हटले, "मला या वेळी दिवाळी अंकात 'झिंगाट'वर लिहायचे आहे. नाव न घेता तुझी हकीकत लिहिली तर चालेल का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, "लिहा सर. बाबा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात."