दिवाळीचा कचरा सुकळी-नायगावच्या माथी मारू नका!

अमरावती आणि अकोल्यातील बंधू-भगिनींनो,

अमरावतीच्या सुकळीचा कचऱ्याचा डोंगर आपण उभा केला आहे. अकोल्याच्या नायगावचाही आपणच. महापालिकेला धारेवर धरायचंच आहे, पण त्याआधी एवढं कबूल करू. राजकमल चौकातून घेतलेली वस्तू आणि टिळक रोडवरून आणलेला खोका शेवटी याच दोन ठिकाणी जाऊन पडतो. तिथेही माणसं राहतात. उन्हाळ्यात कुजणारा ढीग पेट घेतो, आणि त्या धुरात कुणाच्या तरी घरची चूल पेटते, कुणाची तरी लेकरं झोपतात. आपल्या दारातून कचरागाडी पुढे गेली म्हणजे आपला संबंध संपला, हे आता चालणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर हे पत्रक काढतो आहोत, कारण याच दिवसांत घराघरांतले माळे रिकामे होतात. काय निघतं बघा. बंद पडलेला मिक्सर. जुने मोबाइल आणि त्यांच्या चार्जरचा गुंता. वॉरंटीसाठी जपलेला टीव्हीचा खोका, थर्माकोलसकट. लग्नात आलेले आणि पुढे कुणाला तरी देऊ म्हणून ठेवलेले काचेच्या वाट्यांचे सेट. यातल्या कितीतरी वस्तूंची घेतानाही गरज नव्हती. आणि माळा मोकळा झाला की आठ दिवसांत सेलमधलं नवं सामान तिथे चढतं. साफसफाई म्हणतो आपण याला. प्रत्यक्षात नव्या कचऱ्यासाठी जागा करतो.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. आपल्या आज्यांचं लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, तान्ह्या लेकराची दुपटी व्हायची, मग पायपुसणं आणि अगदी शेवटी पोतेरं. पोतेऱ्याच्या चिंध्या उकिरड्यावर जायच्या, शेणखतात कुजायच्या आणि त्याच खतावर पुढच्या वर्षी पऱ्हाटी उभी राहायची. आज त्याच मुलखात आहेराला पॉलिस्टरची साडी दिली जाते. घेणारी ती नेसत नाही, पुढच्या लग्नात फिरवते, आणि ती साडी घडी न मोडता दहा घरं हिंडते. शेवटी कुणीतरी तिची फरशी पुसायला चिंधी करतं, तर ती पाणी शोषतच नाही, नुसती इकडून तिकडे ढकलते. गोधडीत घातली तर अंगाला घाम. जाळली तर वितळून चिकटते. गाडली तर आपल्या नातवांच्या हयातीतही मातीत मिसळत नाही. कुणाच्याच कामाची नसलेली ही वस्तू आपण मानपान म्हणून वाटतो. नेसायची नाही हे देणारीलाही ठाऊक आहे आणि घेणारीलाही. मग ही पद्धत बंद करायला कुणाची परवानगी हवी आहे?

गाडगेबाबा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे. 23 फेब्रुवारी 1876 ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले, अकोल्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी वाढले, आणि 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान निघालं, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, चौकाचौकांत त्यांचा खराटा दिसतो. पण बाबांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी होती आणि जेवायला मातीचं गाडगं होतं, ते आपण सोयीने विसरलो. गाव झाडणारा हा माणूस स्वतः जवळजवळ काहीच कचरा करत नव्हता. त्यांच्या पुतळ्याला हार घालायचे आणि हाराची पन्नी तिथेच टाकायची, हा त्यांचा अपमान आहे.

अकोलेकरांनी 13 जानेवारी 2018 ला काय केलं, हे आठवा. सहा हजारांहून अधिक लोक सफाईसाठी मोर्णा नदीच्या पात्रात उतरले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. त्या दिवशी राबलेल्या प्रत्येकाबद्दल आम्हाला आदर आहे. म्हणूनच विचारतो, की घरातला कचरा आणि नाल्यांचं सांडपाणी रोज वाहतच राहणार असेल, तर त्या लोकांनी किती वेळा पात्रात उतरायचं? जुलै 2021 मध्ये मोर्णेचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं होतं. अमरावतीच्या अंबा नाल्याकाठच्यांना पावसाळ्यातली धास्ती सांगायला नको. पन्न्यांनी तुंबलेल्या नालीने पावसाचं पाणी कुठे न्यावं?

प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना राज्याने 23 मार्च 2018 ला काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठरला. पुढे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही कोथिंबीर पन्नीत, पार्सल चहा पन्नीत, खर्रा पन्नीत. खर्ऱ्याची पन्नी तर तळहाताएवढी. घोटायचा, तोंडात टाकायचा, पन्नी जागेवर सोडायची. कबाडी ती उचलत नाही, कारण तिला भाव नाही. ती नालीत जाते, नाहीतर गाईच्या पोटात. आणि शनिवार-रविवारी आपण हेच सगळं चिखलदऱ्याच्या जंगलातही नेऊन टाकतो.

आता महापालिकांना. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं, आणि वेगळा झालेला कचरा वेगळाच नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आमच्या वस्तीतल्या बायांनी दोन बादल्या ठेवल्या. गाडी आली आणि दोन्ही एकाच कप्प्यात उलटल्या. दारात उभं राहून हे पाहिलेली बाई दुसऱ्या दिवशी कशाला मेहनत करेल? नागरिकांना शिस्त नाही, असं म्हणण्याआधी गाडीत कप्पे करा आणि ते वापरले जातात का, ते बघा. ठेका टनावर दिला की ठेकेदाराला कचरा जास्तच हवा असतो. म्हणून किती टन उचलला याचं कौतुक आम्हाला सांगू नका. कोणत्या प्रभागातून किती ओला आला, त्याचं किती खत झालं आणि उरलेला कुठे पडला, हे दर महिन्याला प्रभागाच्या फलकावर लावा. सुकळी आणि नायगावच्या लोकांना तो हिशेब मागण्याचा पहिला हक्क आहे. ढिगावर उघड्या हातांनी कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र, हातमोजे आणि सुका कचरा निवडायला छपराखालची जागा द्या. कुणी पगार देत नसताना त्या हे शहराचं काम करत आल्या आहेत.

आणि घरोघरी, या दिवाळीपासून: ओला कचरा गाडीत द्यायचाच नाही. जुन्या माठात किंवा भोकं पाडलेल्या ड्रमात खाली माती, वर भाजीची देठं, त्यावर सुका पाला; आपल्या उन्हात हा थर वाळतो, म्हणून दोन-चार दिवसांनी पाण्याचा हबका मारा. फुटलेली काच कागदात गुंडाळून त्यावर तसं लिहा, कुणाचा तरी हात वाचेल. जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या भंगारात किंवा गाडीत न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनात द्या. लग्नपत्रिकेत आहेर आणू नये असं छापा आणि आपणही नेऊ नका. दुकानदाराने पन्नी पुढे केली तर नाही म्हणा, तिथेच, चारचौघांत.

प्रभागाची पुढची बैठक लागेल तेव्हा कचऱ्याचा हिशेब मागायला आम्ही जाणार आहोत. सोबत या. पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे.

— अमरावती व अकोला येथील नागरिक