रिफ्लेक्टर लावला, जोड कुणी पाहिला?

दरवर्षी गाळप हंगाम सुरू झाला की एक फोटो ठरलेला असतो. गाडीतळावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, फाळक्याला लाल रिफ्लेक्टर लावणारे पोलीस आणि परिवहन खात्याचे अधिकारी, शेजारी कारखान्याचे पदाधिकारी. ही बातमी मी कितीतरी वेळा दिली आहे. उपक्रम चांगलाच आहे, अंधारात मागून येणाऱ्याचा जीव वाचतो. पण मित्रांनो, त्या फोटोत ट्रॉलीखाली वाकून बघणारा माणूस कधीच दिसत नाही.

आपल्याकडे बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. ऊस फडातून निघतो तो पाणंदीने, चाऱ्या ओलांडत, ढेकळांतून. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यात क्षमतेपेक्षा जास्त माल. त्या प्रत्येक खड्ड्याचा हिसका बसतो दांडीला, हुकाला, कमानपाट्याला आणि पाटा जिथे अडकवलाय त्या ब्रॅकेटला. यातलं काहीतरी हंगामात तुटतंच. मग गाडी जाते रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात आणि अर्ध्या तासात पुन्हा फडात. तो जोड कुठल्या रॉडने मारला, हे मालक विचारत नाही, कारखाना विचारत नाही, सरकारही विचारत नाही.

रॉड म्हणजे रॉड, त्यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून थोडं सांगतो.

दुकानात सर्रास मिळतो तो 6013. पटकन पेटतो, जुन्या एसी मशीनवरही चालतो, वरची खपली सहज निघते, जोड दिसायला गुळगुळीत. गेट, खिडकी, पत्र्याचं शेड यासाठी उत्तम रॉड आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. दुसरा 7018. त्याला डीसी मशीन लागतं किंवा चांगल्या दमाचं एसी. सवय नसेल तर चिकटतो, म्हणून कारागीर कंटाळतो.

नंबरातले पहिले दोन आकडे ताकदीचे. 60 म्हणजे चौरस इंचाला 60 हजार पौंड ताण, 70 म्हणजे 70 हजार. एवढंच बघितलं तर कुणीही म्हणेल, फरक तो केवढा! खरा फरक हिसका सोसण्यात आहे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या ज्या प्रमाणावरून हे नंबर आले, त्यात 7018 ला कडक थंडीत हातोड्याचा घाव सोसण्याची चाचणी पास व्हावी लागते. 6013 ला ती अटच नाही. आता सांगा, गेटला हिसका बसतो की ट्रॉलीच्या दांडीला?

दुसरी गोष्ट ओलाव्याची. रॉडच्या कोटिंगमध्ये ओल असली की आर्कच्या उष्णतेत त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि तापलेल्या लोखंडात शिरतो. जाड आणि कडक पोलादात त्याने आतून चीर पडते, तीही लगेच नाही, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी. म्हणजे दुकानातून गाडी ठणठणीत निघते आणि तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात जोड सोडते. 7018 हा कमी हायड्रोजनचा रॉड म्हणूनच बनवला आहे. पण पाकीट फोडून पावसाळाभर फळीवर पडलेला 7018 वापरला तर त्याचा अर्थच संपला. ओल धरलेला रॉड 300 अंशांच्या पुढे तास-दोन तास भाजावा लागतो आणि मग गरम पेटीत ठेवावा लागतो. आपल्याकडे रॉड उन्हात वाळत घालतात. इंदापूरचं ऊन कितीही कडक असलं तरी ते 300 अंश नाही.

आणि कमानपाट्याला कुठला रॉड? उत्तर आहे, कुठलाच नाही. पाट्याचं पोलाद जास्त कार्बनचं असतं. ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. त्यावर वेल्डिंग मारलं की जोडाशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि तिच्या पलीकडची मऊ पडते. रॉड हजार रुपयांचा आणला तरी हे बदलत नाही. तुटलेला पाटा बदलायचा असतो. गॅसने तापवून पाट्याला जास्त कमान देणं हाही त्यातलाच प्रकार.

हे फक्त उसाच्या ट्रॉलीपुरतं नाही. बारामतीत हल्ली जीप आणि थार उंच करून घ्यायची हौस वाढली आहे. शॅकल लांब करून वेल्ड करायचे, ब्रॅकेट कापून खाली सरकवायचे, आर्मला तुकडा जोडायचा. नव्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तिथला एकेक आर्म आणि ब्रॅकेट ठरावीक कोनात बसवलेला असतो. उजनीच्या काठाने फिरून व्हिडिओ टाकणं ठीक, पण तीच गाडी परत सोलापूर हायवेला शंभरच्या वेगाने धावते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आपल्या एमएच-42 मध्ये काळ्या काचा आणि फटाके सायलेन्सर पकडले जातात. वेल्ड केलेला शॅकल पकडला गेल्याची बातमी निदान माझ्या हातून अजून गेलेली नाही.

आता लगेच कुणी म्हणेल, पत्रकार गरीब वेल्डिंगवाल्याच्या पोटावर उठला. उलट आहे. निमगाव केतकीच्या बाजूला एका कारागिराला मी विचारलं, 7018 का वापरत नाही? तो म्हणाला, "साहेब, मी सांगतो की अजून दोन तास द्या, जोड फोडून, घासून, नीट भरतो. मालक म्हणतो खेप चुकल, तू टाका मार." मालकाचंही खोटं नाही. ट्रॅक्टरचा हप्ता, टोळीला दिलेली उचल, आणि पैसे मिळतात ते वाहतूक केलेल्या टनावर. गाडी उभी राहिली की मीटर उलटा फिरतो. मग भेगेत सळईचा तुकडा टाकायचा आणि वरून वेल्डिंग ओढायचं. वरून जोड भरलेला दिसतो, आत पोकळ.

म्हणून जबाबदारी वर न्यायला हवी. आणि कारखान्यांना रॉड कळत नाही असं कुणी सांगू नये. उसावर पकड राहावी म्हणून गिरणीच्या रोलरच्या दातांवर खास रॉडने आर्किंग केलं जातं, मिल चालू असताना. कुठला रॉड, किती वेळा, याचा हिशोब वर्कशॉपकडे असतो. रोलर घसरला तर गाळप कमी होतं, म्हणून तिथे रॉड निवडला जातो. ट्रॉलीची दांडी निखळली तर माणूस मरतो, तिथे मात्र ज्याचं त्याने बघावं!

माझ्या मागण्या साध्या आहेत.

1. तोडणी-वाहतूक करार करताना ट्रॉलीखालची तपासणी सक्तीची करा. दांडी, हुक, ब्रॅकेट यांच्या जोडांवर लाल रंगाची पेनिट्रंट चाचणी करा. स्प्रेचे तीन डबे लागतात, डोळ्याला न दिसणारी भेग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन दिसते.

2. प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर हंगामभर एक डीसी मशीन, रॉड भाजायची भट्टी आणि एक शिकलेला वेल्डर ठेवा. वाजवी दरात, पावती देऊन. पावतीवर रॉडचा नंबर लिहा.

3. वेल्ड केलेला कमानपाटा दिसला तर ती ट्रॉली पाटा बदलेपर्यंत थांबवा.

4. आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड आहेच. रस्त्याकडेच्या कारागिरांसाठी तिथेच हंगामाआधी चार दिवसांचा वर्ग घ्या, परिवहन कार्यालयाने त्यात सहभागी व्हावं.

बारामती ते इंदापूर हा पालखी मार्ग आहे. आषाढीला दिंड्यांचं सामान आणि कित्येकदा माणसंही अशाच ट्रॉल्यांतून जातात. हंगाम संपला म्हणून धोका संपत नाही.

ट्रॉलीमालकांना एकच विनंती. पुढच्या वेळी दुकानात गेलात की "किती होतील?" याआधी "रॉड कुठला?" विचारा. 7018 चं पाकीट थोडं महाग आहे, पण एका जोडाला रॉड लागतात मोजकेच. कारखान्यांच्या संचालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या बैठकीत विषय घ्या. रिफ्लेक्टर लावायला याल तेव्हा मी फोटो काढायला येणारच आहे. या वेळी बॅटरी घेऊन कुणीतरी ट्रॉलीखाली वाकलेलं दिसू द्या.